तांबी

दसरा होऊन गेला होता. बीड जिल्ह्यातल्या आमच्या उपकेंद्रात या दिवसांत बायांची रीघ लागते. ऊसतोडीची टोळी निघाली की पुढचे पाच-सहा महिने कारखान्यावर, कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. त्याआधी लेकरांचे डोस, गोळ्या, सगळं उरकून घ्यायचं असतं.

गर्दी पांगल्यावर ती आत आली. वय 22. काखेत सहा महिन्यांचं लेकरू, हातात शहरातल्या एका खाजगी दवाखान्याची फाईल, मागं सासू.

"सिस्टर, रक्त तपासून द्या. पिशवी काढायचीय. आगाऊ उचल आलीय, त्यातच भागवू म्हणतेत."

पिशवी. 22 व्या वर्षी. ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आमच्याही बैठका झाल्या. तरी हे वाक्य समोरून ऐकलं की माझे हात गार पडतात.

फाईल उघडली. सोनोग्राफीत गर्भाशय नॉर्मल, अंडाशय नॉर्मल, दिवस राहू नयेत म्हणून बसवलेली तांबी (कॉपर-टी) जागेवर. आणि खाली ऑपरेशनचा सल्ला.

तांबी जागेवर. मला जुलै आठवला.

एप्रिलमध्ये बाळंतपणानंतर लगेच तिला तांबी बसवली होती. दवाखान्यात कुणीतरी विचारलं, कळा ओसरत होत्या, तिनं मान हलवली. जुलैत ती माझ्याकडं आली होती. "लई जातंय अंगावरून. काढा ना." मी म्हणाले, पहिले तीन ते सहा महिने पाळीत जास्त जातं, ओटीपोट दुखतं, मग बसतं, दम धर. लोहाच्या गोळ्या दिल्या. सांगितलं ते खोटं नव्हतं. पण ती विचारायला आलीच नव्हती, काढायला आली होती. तांबी टिकली तर दहा वर्षं काळजी नाही, हे माझ्या डोक्यात. आणि महिन्याच्या अहवालातला आकडाही डोक्यात होता, तेही लिहिते.

"मग परत का नाही आलीस गं?"

ती सासूकडं बघत हळूच म्हणाली, "तुमी काढली न्हाई. मला वाटलं, ती आता पिशवीसंगंच निघती."

मला काही बोलता येईना.

सासू बोलली. तिला वाईट म्हणवत नाही मला. "फडात कापड बदलाया जागा नसती, बाई. पाणी लांब. एक दिवस बसलं की खाडा पडतो. माझी पिशवी तशीच काढली, हिला बी सुटका."

मी दोघींना गाडीत घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टर मॅडमनी तपासलं. हिमोग्लोबिन 8. तांबीचा दोरा चिमट्यात धरून सावकाश ओढला, तांबी बाहेर. दोन मिनिटं लागली असतील. तिनं ती ट्रेमध्ये बघितली, इंग्रजी टी अक्षरासारखी, बोटाच्या दोन पेरांएवढी.

"एवढंच व्हतं?"

रक्तस्राव आठवड्यात आटोक्यात आला. टोळी निघायच्या आधी ती परत आली, या खेपेला एकटी. दुसरं लेकरू तीन वर्षं नको होतं. मी सगळं समोर मांडलं आणि गप्प बसले. गप्प बसणंच मला जड जातं. तिनं अंतरा, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून घ्यायचं इंजेक्शन, निवडलं. तीन महिन्यांनी एक सुई, कुणाला दिसत नाही. पाळी अनियमित होईल, कदाचित बंदच होईल, त्यानं काही साचत नाही. आणि सोडल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हेही सांगितलं. आणि मुद्दाम शेवटी: "नको वाटलं तर पुढची घेऊ नको. कारण सांगायची गरज नाही."

कार्डावर तारीख लिहिली, 28 जानेवारी. दोन आठवडे आधी चालतं, चार आठवडे उशिरा चालतं. कारखान्याजवळच्या कुठल्याही सरकारी केंद्रात दाखव. तिनं कार्ड लेकराच्या लसीकरण कार्डाच्या पिशवीत घातलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज.

"सिस्टर, सुई घेतली. दोन महिने पाळी न्हाई. ते तसंच ना?"

"तसंच. रक्ताच्या गोळ्या?"

"चालू हायेत. ऐका ना, शेजारच्या कोपीतली इचारतीय. तिलाबी तांबी हाय, दोन वर्षं झाली. काढा म्हणलं तर काढतेत का?"

"काढतात. मागितली की काढायलाच पाहिजे. तिला फोन दे."