सहा लाखांचं पॅकेज, हातात किती?

आज धाकटीचं ऑफर लेटर आलं. वर्षाला सहा लाख. तिने लगेच बाराने भागलं, महिना पन्नास हजार! मी कागद-पेन घेऊन शेजारी बसले. बेसिक, म्हणजे मूळ पगार, २५,०००. त्यावर कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ, म्हणजे ३,०००, पॅकेजमध्येच धरलेला. ग्रॅच्युइटीचे (काही वर्षं नोकरी केल्यावर सोडताना मिळणारी रक्कम) बेसिकच्या ४.८१ टक्के, बाराशेच्या आसपास, तेही त्यातच. मग तिच्या वाट्याचा पीएफ पुन्हा ३,००० आणि व्यवसाय कर २००. उरले साधारण साडेबेचाळीस हजार.

तिचा चेहराच उतरला. "पीएफचे दोन्ही वाटे तुझ्याच नावावर साठतात गं," म्हटलं, तेव्हा जरा खुलली. पण हा हिशोब पहिल्याच पानावर ठळक अक्षरात द्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं. रूमचं भाडं ती पन्नास हजार धरून ठरवणार होती.