आमची वाटचाल : घरात काय आहे?

‘आमची वाटचाल’ या मथळ्याखाली काय लिहायचं असतं ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे. इतरांची अशी पानं आम्हीच छापतो. स्थापना, पहिलं यंत्र, दुसरं यंत्र, स्वतःची जागा, पुढची स्वप्नं. आमची गोष्ट त्या साच्यात बसत नाही, कारण आमची यंत्रं मध्येच कमी झाली.

आम्ही नवरा-बायकोनं एकरंगी ऑफसेटवर छापखाना सुरू केला. कामं वाढली, चाररंगी यंत्र आलं, माणसं वाढली. निम्म्याहून जास्त काम एकाच बड्या गिऱ्हाइकाचं होतं. त्यानं आधी बिलं थकवली, मग गाशा गुंडाळला. कागदवाला, शाईवाला, बँक, सगळे आमच्या दारात आणि आम्ही त्या गिऱ्हाइकाच्या कुलूप लागलेल्या दारात. चाररंगी यंत्र विकलं. पोरांना कामावरून कमी करताना ह्यांना बोलवेना, म्हणून ते काम मी केलं.

आम्ही जन्माने ख्रिस्ती. उपासना कधी चुकवली नाही, पण देव म्हणजे आमच्या लेखी छापखान्यातल्या भिंतीवरचं वचन. पाणी गळ्याशी आलं तेव्हा प्रार्थना सुरू झाली, आणि ती कशी? निव्वळ बोली. प्रभू, एवढी वसुली करून दे, दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा तुला द्यायला, चुकवणार नाही. माणूस घाबरला की असंच करतो. १५०५ साली मार्टिन ल्यूथर, पुढे ख्रिस्ती धर्मसुधारक झाला तो, विजांच्या वादळात सापडला आणि त्यानं नवस केला : वाचलो तर मठात जाईन. वाचला, आणि दिलेला शब्द पाळून गेलाही. पण शांती काही त्या नवसातून मिळाली नाही. ती कितीतरी वर्षांनी, बायबलातलं पौलाचं रोमकरांस पत्र वाचताना लाभली. आमच्या बोलीला तर उत्तरच आलं नाही. वसुली शून्य.

मग एके संध्याकाळी पाळकसाहेब आले. धीर धरा, सगळं ठीक होईल, असलं काही बोलले नाहीत. बायबलातलं ८८वं स्तोत्र वाचून दाखवलं आणि चहा न घेताच गेले. विलापाच्या बहुतेक स्तोत्रांत शेवटी कुठेतरी उजाडतं. यात उजाडत नाही. शेवटच्या ओळीतही अंधारच आहे. ह्यांना रागच आला. बुडणाऱ्याला हे वाचून दाखवायचं? मला मात्र रात्रभर वेगळंच सतावत होतं. असं हस्तलिखित आमच्याकडे छपाईला आलं असतं, तर कुठल्याही संपादकानं शेवट जरा गोड करून मागितला असता. इथे कुणीही तो बदलला नाही. दीडशे स्तोत्रांत ते तसंच्या तसं राहू दिलं. आणि इतकी कडू तक्रार, तरी पहिल्याच ओळीत हाक आहे ती तारणाऱ्या देवाला. तक्रार आहे, पण देवाकडेच आहे. वधस्तंभावर प्रभूनं देखील तेच केलं : का टाकलंस मला, हा २२व्या स्तोत्राचा पहिला प्रश्न त्यानं स्वतःच्या तोंडून विचारला. तेव्हापासून आम्ही बोली लावणं सोडलं आणि देवाशी भांडायला लागलो. माझ्या मते आमच्या विश्वासाची सुरुवात ती. ह्यांचं मत थोडं निराळं आहे, पण पान मी लिहिते आहे.

धंद्याला वळण दिलं ते बायबलातल्या ‘२ राजे’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायानं. कर्ज ठेवून नवरा वारलेला, सावकार दोन्ही मुलांना गुलाम म्हणून न्यायला आलेला, अशी एक विधवा अलीशा संदेष्ट्याकडे येते. संदेष्टा तिच्या हातावर पैसे ठेवत नाही. विचारतो, तुझ्या घरात काय आहे? ती म्हणते, काही नाही, तेलाचं एक भांडं सोडून. आम्हीही कागद घेऊन यादी करायला बसलो. विकून उरलेलं कटिंग मशीन. एकरंगी ऑफसेट. शिवणीची लाकडी चौकट, जी पोटमाळ्यावर धूळ खात होती. आणि बांधणीचे मामा. पगार थकला तरी ते रोज येऊन बसायचे, घरी बसून काय करू म्हणून. त्यांना हातशिवण येते, हे आम्ही जवळपास विसरलोच होतो.

जुन्या पुस्तकांची बांधणी घ्यायला सुरुवात झाली ती अशी. पहिली कामं आमच्या चर्चच्या मंडळीतूनच आली, घराघरांतली बायबलं. हे काम घाईचं नाही. पाठीवरचा वाळलेला सरस ओला करून बोथट सुरीनं खरवडायचा, फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, सुटे करायचे, फाटलेल्या घड्यांना पातळ कागदाची पट्टी लावायची, मग पुन्हा शिवायचं. बायबलचा कागद इतका पातळ की दोरा जरा जास्त ताणला की घडीच चिरते, आणि सैल सोडला तर पाठ डुगडुगते. मामा दोरा ओढताना श्वास रोखतात. मीही तेच शिकले.

स्तोत्रसंहिता येते ग्रंथाच्या साधारण मध्यावर, आणि बहुतेक बायबलं तिथेच मोडलेली असतात. लेवीयचं पुस्तक कोरं करकरीत. स्तोत्रांच्या पानांचे कोपरे अंगठ्यांनी काळे पडलेले. एका बायबलात १३व्या स्तोत्राच्या समासात, जिथे ‘किती काळ’ असं चारदा विचारलं आहे, तिथे पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, चारापेक्षा कितीतरी जास्त. पान साफ करू का विचारलं, तर बाई म्हणाल्या, हात लावू नका, आईच्या आहेत.

छपाईवाल्यांना बंगालमधल्या सेरामपूरची आठवण हवी. मिशनरी विल्यम कॅरी आणि सोबत्यांच्या ज्या छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार निघाला, त्याला ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी आग लागली. कागद, टाइप, हस्तलिखितं खाक झाली. कॅरी तेव्हा कलकत्त्यात होता. छपाईची यंत्रं मात्र वाचली, आणि राखेत टाइपचे पोलादी ठसे शाबूत सापडले. वितळलेल्या धातूतूनच नवे टाइप ओतायला घेतले. इथेही विचारलं गेलं ते घरात उरलंय काय, एवढंच.

जागेचा भाडेकरार संपत आला तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, गुंडाळा. आम्ही तो वाढवला. त्या आठवड्यात बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३२वा अध्याय वाचत होतो. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा, संदेष्टा स्वतः पहाऱ्यात, आणि अशा वेळी तो चुलतभावाकडून अनाथोथचं शेत विकत घेतो. १७ शेकेल वजनाची चांदी तराजूत तोलून, साक्षीदार घालून, एक मोहोरबंद आणि एक उघडी अशी दोन खरेदीखतं करून, ती मातीच्या भांड्यात ठेवायला लावून. व्यवहार एकदम चोख. गंमत अशी, की शहर पडत असताना शेत कशाला, हा सवाल तो देवाला करतो तो सह्या झाल्यावर. आमच्याही सह्या झाल्या आणि मग झोप उडाली.

आता साक्ष द्यायला बोलावतात तेव्हा लोकांना ऐकायचं असतं, की देवानं दुप्पट दिलं. तसं झालेलं नाही. चाररंगी यंत्र परत आलं नाही. कमी केलेल्यांपैकी दोघंच परतले. ‘विश्वास ठेवा, कर्जमुक्त व्हा’ अशा मजकुराची पत्रकं छापायला आली, ती आम्ही नाकारली. ते काम दुसऱ्या कुणी केलं असेल. बांधणीवर घर चालतं, हप्ते अजून चालू आहेत.

त्या बड्या गिऱ्हाइकाची बाकी वहीत तशीच आहे. दर वर्षाअखेर हिशेबनीस विचारतात, आता बुडीत खात्यात टाकू का? आमच्या ऋण्यांस आम्ही सोडले, असं रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत दोघंही म्हणतो. पण त्या नावापुढे रेघ मारायची की नाही, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.