नांगर टाकला तरी तेल जळतंच

बोटीवरून सुट्टीवर घरी आलोय, रत्नागिरीला. काका पूर्वी बोटीवर ऑइलर (इंजिनरूममधले खलाशी) होते, आता पडवीत बसून पेपर वाचतात, त्यांनी बॅग खाली ठेवायच्या आत विचारलं, "काय रे, तो बोटींवरचा टॅक्स लागला काय?" म्हणजे जगभरच्या जहाजांच्या कार्बनवर लागणार होता तो. म्हटलं नाही काका, पुढं ढकलला. "मग बरं झालं की वाईट?" यावर मला पटकन काही बोलता येईना, म्हणून इथे लिहितोय.

आधी एक आमची गोष्ट सांगतो. मागच्या कॉन्ट्रॅक्टला एका बंदराबाहेर (नाव नको) ११ दिवस नांगर टाकून पडलो होतो, बर्थ (धक्क्यावरची जागा) रिकामा नाही म्हणून. गंमत म्हणजे तिथपर्यंत आम्ही फुल स्पीडने पळत आलो होतो, कारण वेळेत पोचायचं असं करारात लिहिलेलं. वेग १० टक्के कमी केला तर इंजिनाला लागणारी ताकद जवळजवळ २७ टक्क्यांनी उतरते, प्रवास लांबतो ते धरूनही तेल १९ टक्के वाचतं, हे पहिल्या वर्षाच्या कॅडेटलाही माहीत असतं. पण चार्टरर, म्हणजे शिप भाड्याने घेणारा, म्हणतो पळव, तर पळवायचं. टाइम चार्टरला (ठरावीक मुदतीच्या भाड्याला) तेलाचे पैसे तोच देतो, वेगही तोच ठरवतो, आणि शिपचं रेटिंग पडलं की शिव्या मात्र मालक आणि इंजिनरूम खातात.

रेटिंग म्हणजे सीआयआय, शिप किती कार्बन सोडते त्याची ग्रेड. जानेवारी २०२३ पासून प्रत्येक मोठ्या शिपला वर्षाअखेरीस ए ते ई ग्रेड मिळते. हिशोब साधा आहे, वर्षभरात किती कार्बन सोडला भागिले (शिपची क्षमता गुणिले कापलेलं अंतर). आता नांगरावर अंतर शून्य पण जनरेटर चालू, बॉयलर चालू, एसी चालू, म्हणजे दिवसाला आमचे तीन टन तेल गेलंच. एक टन जड तेल जाळलं की तीन टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. ११ दिवसांचे १०० टन, आणि मैल शून्य. रोज दुपारचा अहवाल, नून रिपोर्ट, भरताना तो शून्य टाइप करायला हात जड व्हायचा. वर्ष संपलं तेव्हा डी. तीन वर्षं सलग डी आला किंवा एकदाच ई आला की सुधारणेचा प्लॅन करून द्यायचा, बस्स, दंड वगैरे काही नाही. शाळेत लाल शेरा मिळाला की बाबांची सही आणायला सांगायचे, तसंच.

हे सगळं ठरतं लंडनला, थेम्सच्या काठी आयएमओच्या (जहाजांचे नियम करणारी युनोची संस्था) बिल्डिंगमध्ये. १९९७ च्या क्योटो करारातच देशांनी हात झटकले होते, समुद्रावरच्या धुराचं काय ते आयएमओने बघावं. दोष तरी कुणाला देणार, झेंडा पनामाचा, मालक ग्रीक, क्रू आपण, माल ब्राझीलचा आणि चाललाय चीनला, धूर कुणाच्या खात्यात टाकणार? त्या भानगडीत वर्षं गेली. २०१८ ला ठरलं की २०५० पर्यंत जहाजांचं उत्सर्जन निम्मं करू (२००८ च्या तुलनेत), मग जुलै २०२३ ला म्हणाले की नाही, २०५० च्या आसपास नेट झिरो, म्हणजे गोळाबेरीज शून्य. जगाच्या एकूण उत्सर्जनात जहाजांचा वाटा साधारण ३ टक्के आहे, म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या देशाइतका.

आणि मग काकांचा तो 'टॅक्स'. एप्रिल २०२५ मध्ये आयएमओत त्याच्या मसुद्यावर मतदान झालं, ६३ बाजूने, १६ विरोधात, भारताने बाजूने मत दिलं, अमेरिका आधीच उठून गेली होती. ५,००० टनेजच्या वरच्या शिप्स, तेलामागे किती कार्बन त्याच्या दोन मर्यादा, एक कडक एक सैल, दरवर्षी खाली येणार, कडक मर्यादा चुकली तर जादा कार्बनच्या टनामागे १०० डॉलर आणि सैल मर्यादासुद्धा चुकली तर ३८० डॉलर. मार्शल आयलंड्स आणि सॉलोमन आयलंड्सना प्रत्येक टनावर सरसकट १५० डॉलर हवे होते, ते मिळालं नाही. पॅसिफिकमधली ही बेटं बुडायच्या वाटेवर आहेत, त्यांना हे पाणचट वाटलं आणि ती तटस्थ राहिली. त्यांची चूक नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये शिक्कामोर्तब व्हायचं होतं. त्याच्या आठवडाभर आधी अमेरिकेने जाहीर धमकी दिली, बाजूने मत देणाऱ्यांवर बंदरात जादा फी, आणि क्रूच्या सी-वन/डी व्हिसावर निर्बंध. हे वाचून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो काही गोंधळ उडाला! कारण तो व्हिसा म्हणजे आमची रोजीरोटी, तो नसला तर अमेरिकेला जाणाऱ्या शिपवर कंपनी घेतच नाही. शेवटी सौदीने वर्षभर पुढं ढकलायचा ठराव आणला, ५७ विरुद्ध ४९ ने तो पास झाला.

माझं मत विचाराल तर करार अर्धाकच्चा होता पण व्हायला हवा होता. कारण मी १ जानेवारी २०२० बघितलंय. तेलातल्या सल्फरची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली तेव्हा मी फोर्थ इंजिनियर होतो, टाक्यांच्या तळाचा डांबरासारखा गाळ खरवडून बोटांची नखं महिनाभर काळी होती, सगळे म्हणत होते धंदा बसेल. बसला नाही. सगळ्यांना एकच नियम होता, म्हणून कुणी कुणाच्या नावाने ओरडत बसलं नाही. आता युरोपने २०२४ पासून आपला वेगळा कार्बन हिशोब लावलाच आहे, उद्या अजून कोणी लावेल, आणि प्रत्येक बंदराचे वेगळे फॉर्म भरणार कोण, आम्हीच.

हां, एका गोष्टीची मात्र खरंच धास्ती आहे, अमोनिया. पुढचं इंधन म्हणून त्याचं फार कौतुक चाललंय. लहानपणी बर्फाच्या कारखान्यात अमोनिया लीक झाला की वास येऊन डोळ्यांतून पाणी यायचं, आई पदर नाकाला लावून आम्हाला ओढत न्यायची. तेच आता ४५ डिग्रीच्या बंद इंजिनरूममध्ये, जिथून पळायला फक्त शिडी. लंडनला बसून टक्के ठरवणाऱ्यांनी एकदा तरी खाली उतरावं.

काकांना एवढं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या वेळी धूर काळा निघाला की चीफ शिव्या द्यायचा, तेवढाच नियम होता." मग पेपर उघडून परत वाचत बसले. माझा व्हिसा मार्चमध्ये संपतोय, रिन्यूची अपॉइंटमेंट अजून मिळाली नाही, एजंट म्हणतो थांबा.