घरासाठी चांगली सुरी घेताना: माझा अनुभव

आईचे गुडघे धरायला लागले, डॉक्टरांनी खाली बसू नका सांगितलं, म्हणजे विळी बंद. ओट्यापाशी उभं राहून चिरायचं तर सुरी नीट हवी आणि आमच्याकडे होत्या त्या सगळ्या पातळ, बारीक दात्यांच्या, प्लॅस्टिक मुठीच्या. फळं कापायला ठीक, पण रोजची भाजी, कोबी, लाल भोपळा त्यांच्यावर होत नाही.

सेटचा विचार आधीच सोडला. लाकडी स्टँडमध्ये खोचलेला सेट दिसतो मस्त, पण रोजच्या चिरण्याला एक मोठी शेफ नाइफ, म्हणजे रुंद पात्याची टोकदार सुरी, आणि सोलायला, देठं काढायला एक तीन-साडेतीन इंची छोटी सुरी एवढंच लागतं. तेच पैसे एका चांगल्या पात्यात घालावेत असं माझं ठाम मत आहे.

मग स्टील. कार्बन स्टीलला धार सुरेख येते पण कैरी, लिंबू लागलं की काळं पडतं, ओलं राहिलं की गंजतं, आमच्या घरात ते जमणारं नव्हतं. स्टेनलेसचा कडकपणा रॉकवेल नावाच्या मापात देतात, आकडा जितका मोठा तितकं पातं कडक, जर्मन पद्धतीच्या सुऱ्या साधारण 55 ते 58, जपानी बऱ्याचदा 60 च्या वर. कडक पात्याची धार जास्त टिकते हे खरंय, पण ते ठिसूळही असतं, सुरणात किंवा भोपळ्यात अडकलं आणि आपण आडवं पिळलं की धारेचा टवका उडतो. म्हणून मी जर्मन पद्धतीचंच घेतलं.

लांबीचं मात्र दुकानातच ठरलं. सगळीकडे 8 इंच घ्या म्हणतात, मला ती बरोबर बसली पण आईला जड वाटली, तिला 6 इंची आवडली आणि जास्त चिरणार तीच, त्यामुळे तीच घेतली. एका दुकानात पॅकिंग उघडून हातात द्यायला तयार नव्हते, तिथून सरळ निघालो. हातात धरताना नुसती मूठ आवळू नका, अंगठा आणि तर्जनीने पात्याचा मुठीजवळचा भाग चिमटीत धरा आणि टेबलावर चिरल्यासारखं करून बघा, बोटांची पेरं खाली आपटत असतील तर पातं अरुंद आहे, रोज कांदे चिरताना फार त्रास होईल.

सुरीबरोबरच धार लावायला पाणी लावून वापरायचा 1000 ग्रिटचा दगड घेतला (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक). साधारण 15 ते 20 अंशात धरून एक बाजू घासत राहायचं, उलट्या बाजूला धारेवर बारीक खरखर जाणवली की बाजू बदलायची, शेवटी हलक्या हाताने ती खरखर काढून टाकायची. सुरीसोबत मिळणारी स्टीलची कांडी वाकलेली धार सरळ करते, बोथट झालेल्या सुरीला दगडच लागतो. पिकलेल्या टोमॅटोवर दाब न देता नुसती ओढून बघा, साल लगेच कापली गेली तर धार जमली.

चिरायला लाकडी पाट वापरा, काचेचा बोर्ड किंवा ओट्याचा ग्रॅनाइट अजिबात नको, धार बघता बघता जाते. आणि सुरी सिंकमध्ये टाकायची नाही हे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना आवर्जून सांगून ठेवलंय, फेसाच्या पाण्यात ती दिसत नाही आणि हात कापतो, म्हणून चिरून झालं की आम्हीच धुऊन पुसून लगेच जागेवर ठेवतो.