बेंच पन्नासवर का अडकतो?

‘सर, दोन महिने झाले, बेंच पन्नासच्या पुढे जातच नाही. काय करू?’ बेंच म्हणजे बाकावर उताणं पडून दांडा छातीवरून वर ढकलायचा व्यायाम, आणि पन्नास म्हणजे किलो. कुणी बेंचचं विचारतं, कुणी दंडाच्या मापाचं, एखादी मुलगी स्क्वॉटचं, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन मारायच्या बैठकांचं. साक्रीकडची पोरं विचारतात, ‘भाऊ, दंड वाढत नही, काय करू?’ धुळ्यात जिममध्ये शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मी जितक्यांदा ऐकलाय तितका दुसरा कुठलाच ऐकला नाही. आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा उत्तरही ठरवून आणलेलं असतं. सेट (न थांबता मारलेल्या उचलींचा एक संच) वाढवू का? नवीन शेड्यूल द्या ना. नाहीतर मग बाजूला घेऊन, हळू आवाजात, ‘काही घ्यायचं का?’

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो. माझं मत असं आहे की आपल्याकडे अडकलेल्या माणसाला व्यायाम क्वचितच कमी पडतो. जेवण कमी पडतं, झोप कमी पडते, आणि वर्षाचा कुठला महिना चालू आहे याचा हिशेब तो धरत नाही. यात सेट वाढवले तर गाडी आणखी रुतते.

स्नायू वाढतो कशाने, तिथून सुरू करू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डिलॉर्म नावाचे अमेरिकी लष्करी डॉक्टर होते. गुडघ्याला, मांडीला मार बसलेल्या सैनिकांचे पाय वाळून जात आणि त्यांना हलका व्यायाम द्यायची पद्धत होती. डिलॉर्मनी उलटं केलं. जेमतेम १० वेळा उचलता येईल एवढं वजन द्यायचं, आणि ताकद आली की वजन वाढवायचं. १९४५ मध्ये त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं. आज आपण १०-१०चे सेट मारतो त्याची मुळं बरीचशी तिथे आहेत. शरीर एखादं वजन पेलायला शिकलं की त्या वजनासाठी नवा स्नायू बांधायचं त्याला काही कारण उरत नाही. म्हणून मागणी थोडी थोडी वाढवत न्यावी लागते, आणि वाढलेल्या मागणीला पुरेल एवढा माल आणि आराम द्यावा लागतो.

नव्या पोरांना एक गोष्ट आधी सांगायला हवी. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बेंच तीसवरून पन्नासवर जातो तेव्हा सगळा स्नायूच वाढलेला असतो असं नाही. मेंदू त्याच स्नायूतले जास्त तंतू एका वेळी कामाला लावायला शिकतो, तोल सापडतो, हात थरथरायचे थांबतात. ही वाढ भरभर होते आणि मग संपते. त्यापुढे खऱ्या स्नायूचं काम असतं आणि ते सावकाशच होतं. नवख्याला महिन्याला अर्धा-पाऊण किलो स्नायू मिळाला तर चांगलंच म्हणायचं. दोन-तीन वर्षं मुरलेल्याला तेवढ्यासाठी कित्येक महिने द्यावे लागतात. तेव्हा दहा दिवस आकडा हलला नाही म्हणून ‘अडकलो’ म्हणू नका. झोप-जेवण नीट असताना तीन-चार आठवडे वजनही वाढलं नाही आणि रिपही, म्हणजे एका सेटमधल्या उचलींची संख्याही, वाढली नाही, तर ते अडकणं.

पण हे कळणार कसं? वही हवी. तारीख, व्यायाम, वजन, रिप, बस. मी ती सक्तीने लिहायला लावतो. मोबाईलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण लिहा. ‘मागच्या महिन्यात किती उचलत होतास?’ या प्रश्नाला दहातली आठ पोरं छताकडे बघतात.

वह्या वर्षभर चाळल्या की एक गोष्ट ठळक दिसते, आकडे ऋतूंप्रमाणे हलतात. एप्रिल-मेमध्ये धुळ्यात पारा चाळिशीच्या खूप वर असतो आणि आपल्या बऱ्याच जिम पत्र्याखाली. घामाने शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं तरी दम आणि ताकद दोन्ही घसरू शकतात. साठ किलोच्या पोरासाठी दोन टक्के म्हणजे सव्वा लिटरसुद्धा नाही, एवढा घाम तो संध्याकाळच्या एका बॅचमध्ये गाळतो. त्यात रात्री उकाड्याने झोप नाही आणि लग्नसराई चालू. मेमध्ये आकडा जागेवर राहिला तरी मी त्याला यश समजतो. त्या दिवसांत सकाळी सहाला या, मीठ-लिंबू घालून पाणी प्या, आणि शेड्यूलला हात लावू नका.

मग श्रावण. अंडी-मटण बंद. काही घरांत गणपती उठेपर्यंत, काही ठिकाणी थेट दसऱ्यापर्यंत. श्रद्धेचा भाग आहे, त्यात मी बोलत नाही, आणि मांसाहाराशिवाय स्नायू वाढत नाही असंही अजिबात नाही. पण रोजची चार अंडी म्हणजे २४ ग्रॅम प्रथिनं ताटातून जातात आणि त्यांच्या जागी साबुदाणा येतो, ज्यात प्रथिनं नावालाच असतात. भाद्रपदात मग तोच प्रश्न, सर, बेंच अडकला. पुढे दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी. दिवसभर वाकून शेतात राबलेला मुलगा संध्याकाळी डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून जड दांडा उचलायला, उभा राहतो. आणि भरतीची तयारी करणारे तर बारा महिने असतात. सकाळी १६०० मीटरचे राऊंड, संध्याकाळी लेग डे, आणि तक्रार अशी की मांड्या भरत नाहीत. बाबा रे, आधी भरती हो. धावण्याची वेळ मारायची असेल तेव्हा पायांचे सेट निम्मे कर, मांड्या नंतर भरतील.

गेल्या वर्षीचा एक मुलगा सांगतो, म्हणजे सगळं एका जागी दिसेल. वय तेवीस, वजन ६२ किलो, घरची कांद्याची शेती. बेंचला ५० किलो, वहीत ८, ८, ७. पुढच्या आठवड्यात पुन्हा ८, ८, ७. असं दोन महिने. त्याने माझ्याकडून छातीचे आणखी दोन व्यायाम मागितले. मी म्हटलं, आधी काल काय काय खाल्लंस ते सांग.

दिवसभरात ज्वारीच्या चार भाकरी, दोन अंडी, वाटीभर पातळ वरण, दोन-तीन केळी, चहा, रात्री शेवभाजी. पोट भरलेलं, तक्रार काही नाही. हिशेब केला तर प्रथिनं जेमतेम ५५ ग्रॅम. वजनाचा व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम लागतात, म्हणजे त्याला शंभराच्या आसपास. निम्म्या मालावर तो दोन महिने झटत होता. केळी आपल्याकडे मुबलक, जळगावची केळी सगळीकडे जातात आणि व्यायामाआधी खायला उत्तमच. पण एका केळ्यात प्रथिनं एक ग्रॅमच्या आसपास असतात. ‘रोज सहा केळी खातो’ याला प्रथिनं खाल्ली असं म्हणता येत नाही.

प्रथिनांच्या पावडरचे डबे विकत आणायला त्याच्याकडे पैसे नव्हते आणि त्यांची गरजही नव्हती. ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, म्हणजे २५-२६ ग्रॅम. अर्धा लिटर दूध, १६ ग्रॅम. मूठ-दीड मूठ शेंगदाणे, १० ग्रॅम. इथेच शंभर ओलांडले. शिवाय त्याच्या आईला मी निरोप धाडला की साध्या ज्वारीऐवजी कळण्याची भाकरी करा आणि आठवड्यातून दोनदा फुनके करा. ज्वारीत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं आणि उडदात ते चांगलं असतं, म्हणून ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या कळण्यात एकाची उणीव दुसरा भरून काढतो. फुनके तर भिजवलेल्या डाळीचे, वाफवलेले, तेल नाममात्र. आपल्या स्वयंपाकघरात हे दोन पदार्थ असताना पोरं कर्ज काढून पावडर आणतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. पावडर वाईट नसते, दूधच असतं ते, पण ती पहिली पायरी नाही.

झोप विचारली. कांद्याला रात्री पाणी द्यायला जावं लागायचं, कारण शेतीची वीज रात्रीची. ते त्याच्या हातात नव्हतं. मग ज्या दिवशी रात्री पाण्याची पाळी, त्याच्या दुसऱ्या दिवशी जिमला सुट्टी, असं ठरवलं. व्यायाम पाच दिवसांवरून चारवर आला. तो नाराज झाला होता.

मग बेंच बघितला. त्याचा जोडीदार डोक्याशी उभा, ‘तुझंच आहे, तुझंच आहे!’ ओरडतोय आणि सहाव्या रिपपासून त्याची बोटं दांड्याखाली. दांडा छातीच्या चार बोटं वरूनच परत फिरत होता. म्हणजे वहीतले ८ खरे ५ होते. जोडीदाराला हात मागे घ्यायला लावले, दांडा छातीला टेकवायला लावला, वजन ४५वर आणलं. दोन सेटमध्ये तो ४०-४५ सेकंद थांबायचा, तिथे पूर्ण दोन-अडीच मिनिटं थांबवलं. छातीचे सगळे सेट सोमवारी एकदाच उरकण्याऐवजी सोमवार-गुरुवार असे वाटले. एकूण सेट तेवढेच, पण दुसऱ्या दिवशीचे सेट ताजेपणाने होतात.

आणि प्लेटी. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण यात पोरांचा काही दोष नसतो. आपल्या बऱ्याच जिममध्ये सगळ्यात छोटी प्लेट अडीच किलोची. दोन्ही बाजूंना एकेक लावली की एकदम पाच किलो वाढतात. पन्नासवर पाच म्हणजे दहा टक्के. एवढी उडी मुरलेल्यालाही जड जाते, आणि ती झेपली नाही की सगळे म्हणतात हा अडकला. खांद्याच्या डंबेलचं तर आणखी वाईट, पाचनंतर थेट साडेसात, म्हणजे दीडपट. सव्वा किलोच्या दोन प्लेटी जिममालकाला मागा, नाही आणल्या तर आपल्या आणून बॅगेत ठेवा. आणि वजन वाढवण्याआधी रिप वाढवा. ८ पासून सुरू करा, तीनही सेटला स्वच्छ १२ निघाल्या की मगच वजन चढवा आणि पुन्हा ८ वर या. यात आठवड्याला एखादी रिप वाढली तरी पुढे सरकताय हे वहीत दिसतं.

त्या मुलाचा बेंच साडेतीन महिन्यांनी ५५वर स्वच्छ ८ झाला, वजन ६४. फार मोठा आकडा नाही. पण तो त्याचा स्वतःचा आहे, त्यात जोडीदाराची बोटं नाहीत.

हे सगळं जागेवर असूनही आकडा हलत नसेल तेव्हा मी शेड्यूलकडे बघतो. आधी एक आठवडा हलका: सेट निम्मे, वजन थोडं खाली. पोरांना भीती वाटते की आठवड्यात सगळं उतरेल. उतरत नाही, बहुतेक वेळा माणूस ताजा होऊन जास्त उचलतो. दर सहा-आठ आठवड्यांनी हे कराच. मग त्या स्नायूचे आठवड्याचे एकूण सेट मोजा. दहाच्या खाली असतील तर दोन-तीन वाढवा, वीसच्या वर असतील तर कमी करा. मग हवा तर व्यायाम बदला, सपाट बेंचऐवजी तिरका, दांड्याऐवजी डंबेल. एका वेळी एकच बदल आणि त्याला चार-सहा आठवडे द्या. दर सोमवारी नवीन शेड्यूल घेणाऱ्याला कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

आता तो हळू आवाजातला प्रश्न, ‘काही घ्यायचं का?’ नाही. क्रिएटिन नावाची ताकदीसाठीची पूरक पावडर रोज ३ ते ५ ग्रॅम घ्या, निरोगी माणसाला ते चालतं आणि त्याचा उपयोगही होतो. पण इंजेक्शनं नाहीत. स्टिरॉइडने हृदय, यकृत आणि पुरुषाची स्वतःची हार्मोन बनवायची क्षमता, तिन्ही धोक्यात येतात. आणि हल्ली व्यायामाआधी जोर यावा म्हणून काही पोरं जे इंजेक्शन टोचून घेतात, ते शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब फार पडला तर तो वर आणायला डॉक्टर वापरतात. धडधाकट पोराच्या शरीरात त्याने रक्तदाब आणि हृदयाचे ठोके कुठल्या कुठे जातात. तुमच्या शेजारच्या बाकावरचा मुलगा हे घेत असेल तर त्याच्या घरी कळवा. तो चिडेल, चिडू दे.

जेवण, झोप, वही, हलका आठवडा, सगळं करूनही दोन-तीन महिने काहीच हलत नसेल, थकवा जात नसेल, तर रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉईड. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं फार सर्रास आहे, आणि मुलींमध्ये हिमोग्लोबिन. अहवाल माझ्याकडे आणू नका, डॉक्टरांना दाखवा. त्यांनी दिलेल्या गोळ्या पूर्ण होईपर्यंत मी तुमचं शेड्यूल हलकंच ठेवीन.