किन्सेल ते बाल्टिमोर, शिडांवर

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर मुलांना घेऊन शिडाच्या होडीने जायचं तर नकाशावर बंदरांच्या आधी भूशिरं बघावीत. तिथला सागरी हवामान अंदाजसुद्धा भूशिरांच्या नावांनीच सांगतात. किनाऱ्यालगत वारा बोफर्ट ६ला (बोफर्ट म्हणजे वाऱ्याच्या जोराचं माप) पोचणार असेल तर लहान होड्यांसाठी इशारा निघतो. मुलं बरोबर असताना त्या दिवशी आम्ही बंदर सोडत नाही.

किन्सेलच्या खाडीतून चार्ल्स फोर्ट हा किल्ला डाव्या हाताला ठेवून बाहेर पडलो की तासा-सव्वा तासात ओल्ड हेड हे भूशिर येतं. या टप्प्यातली खरी परीक्षा इथेच. पश्चिमेला जाताना भरती-ओहोटीचा प्रवाह पाठीशी हवासा वाटतो, पण वारा बहुधा नैऋत्येचा, म्हणजे समोरून. दोघांची टक्कर झाली की टोकाजवळ आखूड, उभ्या लाटा उठतात. होडी पुढे सरकण्याऐवजी आपटत राहते आणि मुलांना ओकाऱ्या लागतात. म्हणून प्रवाह थांबण्याची वेळ गाठायची, नाहीतर दीड-दोन मैल बाहेरून जायचं. उधाणाच्या दिवसांत हे जास्तच सांभाळावं. मळमळीची गोळी निघण्याआधी तासभर द्यावी, भूशिर दिसल्यावर नव्हे. ज्याला मळमळतं त्याच्या हातात सुकाणू द्यावं. नजर क्षितिजावर राहिली की बरं वाटतं.

दुसरा त्रास शेवंडांच्या पिंजऱ्यांचा. त्यांच्या खुणेला कधी नुसता विटका प्लास्टिकचा कॅन असतो आणि त्याची दोरी प्रवाहाच्या दिशेने पाण्यावर तरंगत लांब पसरलेली असते. कॅनच्या ज्या बाजूला दोरी नाही तिथूनच जावं. दोरी इंजिनाच्या पंख्यात अडकली तर आधी इंजिन बंद करून किल्ली काढावी, शीड उभारून खडकांपासून दूर व्हावं, मग पुढचं बघावं. जूनमध्येही पाणी १३-१४ अंशांचं असतं. उडी मारून दोरी कापायचा मोह टाळावा. १६ वर्षांखालच्या मुलांनी चालत्या होडीच्या डेकवर लाइफजॅकेट घालणं आयर्लंडमध्ये कायद्यानेच बंधनकारक आहे. मांड्यांमधून जाणारा पट्टाही बांधावा. तो नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि मूल खाली निसटतं.

गॅली हेड या भूशिराच्या पलीकडे ग्लँडोरचं बंदर. तोंडाशी अ‍ॅडम आणि ईव्ह ही दोन बेटं. खलाशी सांगतात, अ‍ॅडमला टाळा, ईव्हला बिलगा. आत ‘डेंजर्स’ नावाचे खडक आहेत, त्यांच्या खुणा मोजत जावं.

नांगराच्या साखळीचा हिशेब नेहमी भरतीच्या पाण्यावर करायचा. ओहोटीला ४ मीटर, भरतीची वाढ ३.५, नाळेची (होडीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची १: झाले ८.५ मीटर. साखळी चौपट, म्हणजे ३४ मीटर. तळाशी केल्पचं दाट शेवाळ असेल तर नांगर रुततच नाही, नुसता घसरतो. म्हणून साखळी ताणून इंजिन हळू उलटं चालवावं आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत राहतात का ते दहा मिनिटं बघावं.

बाल्टिमोरचं तोंड ‘लॉट्स वाइफ’ या पांढऱ्या मनोऱ्यावरून दुरूनच ओळखू येतं. तिथून फास्टनेट खडकाला वळसा घालायचा तर शांत दिवसच निवडावा. १९०४चा तो ५४ मीटर उंच ग्रॅनाइटचा दीपस्तंभ जवळून बघताना मुलं गप्प होतात. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा घाई कसलीच नसते.