तपासणी-किट, नोंद तिसरी: कंट्रोलर आला आणि आवाज गेला

घरोघरचे पीसी तपासायला नेतो त्या किटमध्ये गेल्या नोंदीनंतर फारसं नवीन काही आलं नाही, क्रम मात्र बदलला. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टचा पेनड्राइव्ह पिशवीच्या तळाशी गेला, मल्टिमीटर वर आला, आणि पेचकस हातात घेण्याआधी आता बिघाडाची तारीख शोधायची.

रामबाग असो, लोकमान्य नगर असो की राजेंद्र नगर, इंदूरच्या मराठी घरांतल्या पीसीची तक्रार एकाच साच्यात येते: ‘याने (म्हणजे मुलाने) ते गेमचं कंट्रोलर आणलं ना, तेव्हापासून.’ खोक्यातून निघालेली वस्तू सगळ्या घराने पाहिलेली असते. मदरबोर्डवरचा सेल उतरताना, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकमध्ये धूळ बसताना किंवा रात्रीतून विंडोज अपडेट होताना कुणी पाहत नाही. मग आळ दिसणाऱ्या वस्तूवर जातो. आपली गेमवाली, दुरुस्तीवाली मंडळी इथे लगेच वकिली सुरू करतात, ‘काका, कंट्रोलरने असं होत नाही हो.’ ती करू नये. एक तर काका ऐकत नाहीत, आणि दुसरं म्हणजे कधीकधी कंट्रोलरने खरंच होतं.

तारखेसाठी विंडोज की आणि आर एकत्र दाबून ‘पर्फमॉन /रेल’ (perfmon /rel) चालवायचं. रिलायबिलिटी मॉनिटर उघडतो: दिवसाला एक उभा रकाना, वर दहापैकी गुण, खाली लाल फुल्या, पिवळे त्रिकोण आणि निळे ‘आय’. लाल म्हणजे काहीतरी कोसळलं, निळं म्हणजे काहीतरी बसवलं. तक्रारीच्या जातीची पहिली लाल फुली कधीची आणि गेम किंवा त्याचा ड्रायव्हर कधी बसला, या दोन तारखा शोधायच्या. माउस आपण धरायचा नाही, आईला किंवा बाबांना द्यायचा. रकाने त्यांनी स्वतः उघडले की पुढचं बोलणं निम्म्याने कमी होतं. ‘विंडोज नीट बंद झालं नव्हतं’ अशी लाल फुली मात्र मोजू नका. लाइट गेली तरी ती येते, आणि पावसाळ्यात ओळीने येते. हा मॉनिटर संथपणाही पकडत नाही. मरणारी हार्ड डिस्क कितीतरी दिवस गुण खाली न आणता रखडू शकते.

आता शीर्षकातली तक्रार. ड्युअलशॉक ४ किंवा ड्युअलसेन्स (दोन्ही प्लेस्टेशनचे कंट्रोलर) केबलने जोडला की विंडोजला तो नुसता कंट्रोलर दिसत नाही, साउंड कार्डही दिसतं, कारण त्याला हेडफोनचं भोक आहे. बऱ्याचदा विंडोज आवाज तिकडे वळवतं. मुलगा खेळून उठतो, केबल तशीच राहते, आणि संध्याकाळी आई भजन लावते तर स्पीकर मुका. व्हॉल्यूमची पट्टी मात्र हलताना दिसते. आवाज सोफ्यावर पडलेल्या कंट्रोलरमध्ये चाललेला असतो.

उपाय: विंडोज की आणि आर, ‘एमएमसिस.सीपीएल’ (mmsys.cpl), प्लेबॅक टॅब. ज्या नावात ‘वायरलेस कंट्रोलर’ आहे त्यावर राइट क्लिक करून डिसेबल. मग रेकॉर्डिंग टॅबमध्येही तेच, नाहीतर व्हिडिओ कॉलवर समोरच्याला आपलं बोलणं ऐकू जात नाही. अनइन्स्टॉल करू नका, पुन्हा जोडला की तो परत उभा राहतो. डिसेबल केल्यावरही ‘पुन्हा गेला’ असा फोन आला तर पोर्ट विचारा. ज्या उपकरणात स्वतःचा सिरियल नंबर नसतो, ते दुसऱ्या पोर्टमध्ये लावलं की विंडोजला नवीन वाटतं आणि जुनी सेटिंग लागू होत नाही. पोर्टवर लाल टिकली चिकटवा, केबल तिथेच लावायची. त्याच खिडकीत शेवटचा कम्युनिकेशन्स टॅब आहे. तिथे कॉल चालू असताना बाकीचे आवाज ८० टक्के कमी करायची सेटिंग मुळातच लागलेली असते. ‘डू नथिंग’ करा. खेळताना बोलायचं डिस्कॉर्ड अॅप चालू असलं की गाणी दबतात, ती तक्रारही इथेच मिटते.

कीबोर्डची गोष्ट याहून छोटी. गेमिंग कीबोर्डवर एफएन आणि विंडोज की मिळून दाबल्या की विंडोज की कुलूपबंद होते, खेळताना चुकून दाबली जाऊ नये म्हणून. बऱ्याच स्वस्त कीबोर्डांवर एफएन आणि डब्ल्यू दाबल्या की डब्ल्यू-ए-एस-डी आणि बाण यांची अदलाबदल होते. बाबा टॅलीत खाली जायला बाण दाबतात आणि अक्षर उमटतं. व्हायरस नाही, तेच जोड पुन्हा दाबलं की झालं. कीबोर्डच्या पाठीवर मार्करने ते जोड लिहून ठेवण्याइतकी उपयोगी दुरुस्ती दुसरी नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो करंटवर. ‘त्या लाइटवाल्या कीबोर्डातून करंट येतो’, किंवा ‘हेडफोन लावला की कानाला झिणझिण्या येतात.’ झिणझिण्या खऱ्या असतात, नुसतं हसून सोडू नका. एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून कॅबिनेटच्या धातूकडे बारीक कपॅसिटर जातात, गोंगाट जमिनीत सोडायला. अर्थिंग असेल तर तो चिमूटभर करंट तारेतून निघून जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेट २३० व्होल्टच्या मधोमध, साधारण ११५ व्होल्टवर, तरंगत राहतं. हेडफोनच्या जॅकचा बाहेरचा भाग त्याच धातूला जोडलेला. अनवाणी पाय फरशीवर, कान घामेजलेला, की टोचतं. करंट अगदी थोडा असतो, पण अर्थिंग गायब असल्याची ती खूण आहे. उद्या आत खरंच फेज धातूला टेकली तर त्याच कॅबिनेटचा जीवघेणा झटका बसेल.

मोजणी अशी. मीटर एसीच्या ७५० किंवा ६०० व्होल्टच्या पट्टीवर, लीड धड असलेला, आणि एक हात खिशात. सॉकेटकडे तोंड करून पाहिलं तर वरचं मोठं भोक अर्थ, उजवं फेज, डावं न्यूट्रल. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास यावं, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. फेज-अर्थवर साठ, नव्वद, पुन्हा सत्तर असा आकडा भरकटत राहिला तर अर्थची तार कुठेतरी सुटलेली आहे. भिंतीच्या आत आपण हात घालायचा नाही, वायरमन बोलवा. आधी एक्स्टेन्शन बोर्ड पाहा: टूपिनचा अडॅप्टर मधे घुसवलेला असतो किंवा बोर्डाच्या पोटात हिरवी तार लोंबत असते. एसएमपीएस तपासायचा तर मीटर डीसीवर आणून मोलेक्सवर (एसएमपीएसमधून निघणाऱ्या चार तारांच्या जोडावर) पिवळी-काळी ११.४ ते १२.६ व्होल्ट आणि लाल-काळी ४.७५ ते ५.२५. रिकाम्या मशीनवर बहुतेक एसएमपीएस पास होतात, गेम चालू असताना मोजा.

इथे एक जोडवस्तू खरोखर दोषी निघते. यूएसबी २ च्या पोर्टला ५०० मिलिअँपिअरची मर्यादा आहे, ३ ला ९००. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबवर रंगीत कीबोर्ड, चार्ज होणारा कंट्रोलर आणि घरच्या फोटोंची अडीच इंची डिस्क एकत्र लावली की डिस्क टकटक करते, गायब होते, पुन्हा येते. ‘गेमने लग्नाचे फोटो खाल्ले’ ही तक्रार तेव्हा अगदीच खोटी नसते. डिस्क मागच्या पोर्टमध्ये थेट लावा. वायरलेस माउस अडखळत असेल तर त्याचा रिसीव्हर यूएसबी ३ च्या डिस्कला चिकटून आहे का पाहा. त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर पडतो, इंटेलने २०१२ मध्येच हे मांडलं होतं. अर्ध्या मीटरची एक्स्टेन्शन केबल पुरते.

संथपणाला क्रिस्टलडिस्कइन्फो, म्हणजे डिस्कची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर. त्यातले कच्चे आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये दिसतात, मेनूतून १० च्या पायावर आणा म्हणजे घाबरगुंडी उडत नाही. ‘०५’ म्हणजे बदली दिलेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे तुकडे), ‘सी५’ म्हणजे वाचता न येणारे, रांगेत उभे असलेले. सी५ शून्य नसेल तर आधी फोटो आणि टॅलीचा डेटा दुसरीकडे काढा, चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) नंतर. खिळखिळ्या डिस्कला सगळे सेक्टर वाचायला लावणं म्हणजे आजाऱ्याला टेकडी चढवणं. फक्त ‘सी७’ वाढत असेल तर डिस्क निर्दोष, आधी डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल बदला.

उन्हाळ्यासाठी एकच ओळ. खोलीचं तापमान २५ वरून ४० वर गेलं की त्याच कामाला प्रोसेसरही साधारण १५ अंशांनी वर जातो, आणि मे महिन्यात इंदूरमध्ये चाळिशी नवलाची नाही. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली पेस्ट वाटाण्याएवढी.

आता गेमची बाजू जिथे पडते ते. विंडोज ११ वर व्हॅलोरंट या गेमला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टिम सुरू होऊ देणारी सेटिंग) लागतं. मुलगा व्हिडिओ पाहून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जातो, सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू व्हायची सोय) बंद करतो, आणि मशीन उठत नाही, कारण जुन्या विंडोजवरच चढवलेल्या ११ ची डिस्क बऱ्याचदा एमबीआर या जुन्या विभागणीची असते, आणि सीएसएमशिवाय जीपीटी ही नवी विभागणी लागते. जुनी सेटिंग परत केली की सुरू होतं. मग बॅकअप घेऊन, अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /अलाउफुलओएस’ (mbr2gpt /validate /allowFullOS), ते पास झालं तर व्हॅलिडेटच्या जागी ‘कन्व्हर्ट’ (convert), आणि त्यानंतरच सीएसएम बंद. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर हे हत्यार नकार देतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. ती नेहमी बाबांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते आणि त्या खात्याचा पासवर्ड नेहमी कुणालाच आठवत नाही.

दुसरा खरा गुन्हेगार फुकटचा गेम. बसवताना ‘डिफेंडरमधून (विंडोजच्या अँटिव्हायरसमधून) हा फोल्डर वगळा’ असं सांगणारा. विंडोज सिक्युरिटीत एक्स्क्लुजन्सची यादी उघडा, तिथे आख्खा सी ड्राइव्ह दिसला तर पुढचं ओळखा. पंखे घोंघावत असतात आणि टास्क मॅनेजर उघडताच शांत होतात, हे लपलेल्या मायनरचं, म्हणजे गुपचूप क्रिप्टो नाणी काढणाऱ्या प्रोग्रॅमचं, लक्षण. बऱ्याच मायनरांना टास्क मॅनेजर ओळखता येतो. म्हणून एचडब्ल्यूइन्फो या तापमान आणि भार मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची नोंद दहा मिनिटं फाइलमध्ये चालू ठेवा आणि आलेख नंतर पाहा. माइनक्राफ्टचे मॉडही (गेममध्ये बाहेरून घातलेले बदल) सरसकट निष्पाप धरू नका: जून २०२३ मध्ये फ्रॅक्चरायझर हा व्हायरस त्याच वाटेने पसरला आणि ब्राउझरमधले पासवर्ड, कुकीज उचलत होता. अशा मशीनवर बँकेचे पासवर्ड बदलायचे ते फोनवरून.

किटमध्ये पुढे येतंय: सीआर२०३२ सेलचं, म्हणजे मदरबोर्डवरच्या त्या गोल सेलचं, पाकीट. रात्री भिंतीवरचं बटण बंद करून झोपणाऱ्या घरांत घड्याळाचा सगळा भार या सेलवर पडतो. तो उतरला की तारीख काही वर्षं मागे जाते, आणि बँकेची साइट सर्टिफिकेट चूक आहे म्हणते. मीटरवर ३ व्होल्टच्या जागी २.७ किंवा कमी दिसलं तर बदला. काढण्याआधी बायोसच्या पानांचे फोटो घ्या, विशेषतः साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) आणि बूट क्रमाचे. साटा मोड चुकीचा परतला तर विंडोज निळा पडदा दाखवतं, आणि त्या दिवशी कंट्रोलर टेबलावर असेल तर पुन्हा पहिल्यापासून.